शब्द कुठं दुखतो ते शोधायला लावणारा वर्ग (दांडिया बाजार, बडोदे)

बडोद्यात आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासांना तोटा नाही. अलकापुरीत एकेका इमारतीवर तीन-तीन पाट्या दिसतात. पण निव्वळ इंग्रजी स्पेलिंग शिकवणारा वर्ग मला आख्ख्या शहरात एकच माहीत आहे. दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर तो भरतो. शाळेतून निवृत्त झालेल्या एक मराठी बाई तो चालवतात. खाली पाटी नाही, पेपरात जाहिरात नाही. माझं नाव कुठं छापायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून इथंही त्यांना नुसतं बाईच म्हणते.

मी एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बाहेरदेशी अर्ज करायचा म्हणून आयईएलटीएसची तयारी चालली होती, आणि आमच्याच वॉर्डातल्या एका ताईंनी या वर्गाचं सांगितलं. पूर्ण कोर्स करून मगच हे लिहितेय. कुणाला दोन महिने घालवायचे आणि पैसे भरायचे, तर आत काय मिळतं ते नीट कळायला हवं.

आधी हे सांगते की स्पेलिंगसाठी वेगळा वर्ग लावायची गरजच काय. लिसनिंगच्या पेपरात चाळीस प्रश्न असतात आणि उत्तरं आपल्या हातानं लिहायची किंवा टाइप करायची असतात. ऐकलं बरोबर, समजलं बरोबर, पण लिहिताना एक अक्षर हललं, तर त्या प्रश्नाचा गुण गेला. ब्रिटिश स्पेलिंग चालतं, अमेरिकन चालतं, चुकीचं चालत नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर दिली तरी चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ उमटत नाही. रायटिंगमध्ये शब्दसंपत्तीचे गुण देताना स्पेलिंगही बघतात. आणि आम्हा नर्सांचं तर परीक्षेपाशी संपत नाही. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर उतरलेली, हायपरग्लायसेमिया म्हणजे साखर चढलेली. दोन शब्दांत फरक एवढाच की एकात पी नंतर ओ आणि दुसऱ्यात ई-आर. रात्रपाळीहून दिवसपाळीला चार्ज देताना घाईत तो तुकडा अर्धवट लिहिला, तर वाचणारी काय वाचेल? त्यामुळे स्पेलिंगला कुणी किरकोळ म्हटलं की मला ते सहन होत नाही.

याआधी मी एका मोठ्या क्लासात होते. तिथं स्पेलिंग म्हणजे छापील यादी. एबीसीडीच्या क्रमानं शब्द, प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायचा. दहा वेळा लिहिताना हात आपोआप चालतो आणि डोकं दुसरीकडे असतं. शिवाय पहिल्यांदाच चुकीचं उतरवलं तर तीच चूक दहा वेळा गिरवून पक्की होते. यादी संपली, पुढच्या सोमवारी दुसरी यादी. कुठला शब्द का चुकतो याबद्दल एक अक्षर नाही.

बाईंकडे यादी नसतेच. पहिल्या दिवशी त्या सांगतात की आपणच हटकून चुकणारे शब्द एका कागदावर लिहून आणा. मग एकेक शब्द फळ्यावर घेतात आणि विचारतात, "हा कुठं दुखतो? बोट ठेवून दाखव." पेशंटला आम्ही रोज हेच विचारतो, म्हणून मला ही पद्धत लगेच पटली. आख्खा शब्द कधीच अवघड नसतो. 'सेपरेट'मध्ये सगळी अक्षरं सगळ्यांना येतात, फक्त पी नंतरचा ए दुखतो, तिथं लोक ई घालतात. 'गव्हर्नमेंट'मध्ये एम च्या आधीचा एन दुखतो, कारण बोलताना तो गिळला जातो. 'गव्हर्न' हा मूळ शब्द आठवला की एन जागेवर बसतो. दुखरी जागा एकदा सापडली की लक्षात ठेवायला एखाद-दुसरंच अक्षर उरतं.

वही कशी ठेवायची हेही ठरलेलं. लांबट रजिस्टर, पान उभं दुमडून तीन रकाने. पहिल्यात शब्द, पण दुखरी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि बाकीची बारकी. दुसऱ्यात ती दुखरी जागा सुटी काढून. तिसऱ्यात कारण. तिसरा रकाना रिकामा सोडलेला बाईंना चालत नाही. हे कॅपिटलचं बघून मला आमची औषधांची ट्रॉली आठवली. दिसायला सारख्या नावांच्या औषधांत घोटाळा होऊ नये म्हणून वेगळा असलेला तुकडा मोठ्या अक्षरांत छापायची पद्धत आहे. डोपामीनमध्ये डी-ओ-पी मोठं, डोब्युटामीनमध्ये डी-ओ-बी-यू-टी मोठं. नजर थेट फरकावरच जाते. वर्गात हे सांगितलं तेव्हा बाईंनी ते फळ्यावर लिहायला लावलं, आणि पुढच्या बॅचलाही दाखवतात असं कळलं.

आता त्या कारणांविषयी. माझ्या मते या वर्गाचा खरा ऐवज तिथंच आहे.

बाईंचं म्हणणं असं, की मराठी किंवा गुजराती शाळेत शिकलेल्या माणसाचा कान तयार असतो. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड सोडली तर जे ऐकू येतं ते आपण लिहू शकतो. इंग्रजीत तोच कान दगा देतो, कारण तिथं ज्या स्वरावर जोर नाही तो बोलताना पुसट होऊन 'अ'सारखा ऐकू येतो. डॉक्टर, टीचर, ग्रामर, तिन्हींचा शेवट आपल्याला 'अर' असाच ऐकू येतो. लिहिताना मात्र डॉक्टरला ओ, टीचरला ई, ग्रामरला ए. कानाला विचारून उत्तर मिळणार नाही, मग विचारायचं कुणाला? बाई म्हणतात, शब्दाच्या नातेवाइकांना. त्याच कुळातला असा शब्द शोधायचा की ज्यात तो पुसट स्वर जोरात उच्चारला जातो. ग्रामरचा नातेवाईक 'ग्रमॅटिकल', त्यात 'मॅ' ठणठणीत ऐकू येतो, म्हणून ए. 'कॉम्पिटिशन'मध्ये पी नंतर काय? 'कम्पीट' म्हणून बघा, ई. 'रिलेटिव्ह'ला 'रिलेशन' विचारा, ए. 'डेफिनेट'ला एन नंतर ए नाही, आय, कारण 'डेफिनिशन'. आणि माझ्या कामाचा 'मेडिसिन', ज्यात डी नंतर निम्मे लोक ई घालतात. 'मेडिसिनल' म्हटलं की जोर 'डि'वर येतो आणि आय स्वतःच पुढे येतो. या एका युक्तीनं माझ्या वहीतले बरेच शब्द निकालात निघाले.

दुसरा मोठा गट जोडअक्षरांचा, म्हणजे एकच अक्षर एकदा की दोनदा. इथं बाई शब्दाचे सांधे उसवून दाखवतात. 'डिसअपॉइंट' म्हणजे डिस अधिक अपॉइंट, म्हणून एस एक आणि पी दोन. 'रेकमेंड' म्हणजे री अधिक कमेंड, म्हणून सी एक, एम दोन. 'मिसस्पेल'मध्ये मिसचा एक एस आणि स्पेलचा एक, दोन्ही ठेवायचे. 'अकॉमोडेशन' तर लिसनिंगमध्ये घर भाड्यानं घेण्याच्या संवादात हमखास भेटणारा. त्याच्या पोटात लॅटिनचे 'अड' आणि 'कॉम' हे दोन उपसर्ग एकापुढे एक आहेत. 'अड'मधल्या डी चा पुढच्या सी शी मिळून सी झाला, आपल्याकडे संधीत होतं तसं, म्हणून सी दोन. आणि 'कॉम'चा एम पुढच्या एम ला भेटला, म्हणून एम दोन.

लसीकरणाच्या दोन शब्दांचा किस्सा मला सगळ्यांत आवडला. 'व्हॅक्सिनेट'मध्ये सी दोन, 'इनॉक्युलेट'मध्ये मात्र एन एकच आणि सी ही एकच. शिकलेसवरलेले लोक दुसऱ्यात दोन एन घालतात. कारण बघा. लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'व्हॅका', त्यात सी दोन. एडवर्ड जेन्नरनं 1796 मध्ये देवीवर टोचलं ते गायीच्या देवीतलं द्रव्य, म्हणून लशीच्या नावात गाय आली आणि तिचे दोन सी आले. इनॉक्युलेटमध्ये 'ऑक्युलस' आहे, म्हणजे डोळा. झाडाला डोळा भरतात, कलम करताना, तो डोळा. इन अधिक ऑक्युलस, एन एकदाच. एकदा ही गाय आणि हा डोळा कळल्यावर माझा हात या दोन शब्दांवर अडखळलेला नाही.

आणि 'डायरिया'. हा शब्द बडोद्यात पावसाळ्यात किती केसपेपरवर किती तऱ्हांनी लिहिलेला मी बघितलाय! वर्गात कारेलीबागेतून येणारा एक गुजराती मुलगा होता, बी.फार्म. झालेला. त्याला फळ्याशी बोलावून बाईंनी विचारलं, "बेटा, क्यां दुखे छे?" त्यानं मधल्या सगळ्या अक्षरांवर हात फिरवला, म्हणजे सगळंच दुखतंय. बाईंनी शब्दाचे तीन तुकडे केले. आधी डी-आय-ए. मग आर-आर-एच. मग ओ-ई-ए. पहिला तुकडा ग्रीकचा 'डाया', आरपार. पुढचं सगळं मिळून 'वाहणं'. आता आर-आर-एच का? ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र श्वास सोडून म्हणायचे, त्याला लॅटिनमध्ये आर-एच लिहिलं. बाई आम्हा मराठी मुलींकडे वळून म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या ऱ्हासातला ऱ्ह!" आणि अशा शब्दामागे उपसर्ग लागला की तो आर दुप्पट होतो. म्हणून 'हेमोरेज'मध्ये, म्हणजे रक्तस्रावात, आर-आर-एच. 'अऱ्हिदमिया'मध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्यात, आर-आर-एच. पण नुसत्या 'ऱ्हिदम'मध्ये मागं काही लागलेलं नाही, म्हणून आर-एच, आर एकच. एका अक्षराच्या कारणातून वॉर्डातले तीन-चार कठीण शब्द एकदम सुटले. त्या मुलानं तिन्ही तुकडे न बघता फळ्यावर लिहिले आणि बाईंनी टाळी दिली.

ओ-ई-ए हे ब्रिटिश वळण. अमेरिकन लोक मधला ओ गाळतात, आणि हेमोरेजमधला ए ही गाळतात. बाईंचा नियम असा की दोन्ही बरोबर आहेत, पण एका कागदावर एकच. 'कलर'मध्ये यू घालायचा आणि दोन ओळींनंतर 'अनीमिया'तला ए काढायचा, हे त्यांना अजिबात चालत नाही.

मुक्या अक्षरांसाठी त्यांची पद्धत वेगळी आहे. वहीत शब्दाशेजारी देवनागरीत त्याचा 'घरचा उच्चार' लिहायचा, म्हणजे प्रत्येक अक्षर उच्चारून. वेड-नेस-डे. फेब-रू-अरी. डेब्ट. रिसीप्ट. आपल्या लिपीचा इथं फार उपयोग होतो, कारण तिच्यात काहीही जसंच्या तसं लिहून ठेवता येतं. वेड-नेस-डे हा तर जवळजवळ खराच उच्चार म्हणायचा, वोडेन नावाच्या देवाचा तो वार. डेब्टमधला बी मात्र कधी कुणी उच्चारलाच नव्हता. फ्रेंचमधून तो शब्द बी शिवाय आला होता, मागाहून विद्वानांनी लॅटिनचा 'डेबिटम' आठवून त्यात बी बसवला. रिसीप्टच्या पी ची गोष्टही तीच.

या घरच्या उच्चाराबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती बाईंच्या तोंडावरही सांगितलीय. बॅचमधल्या दोघीजणी बोलतानासुद्धा 'रिसीप्ट' म्हणायला लागल्या. स्पीकिंगच्या परीक्षेत ते महागात पडेल. बाई म्हणतात, घरचा उच्चार हातासाठी, बाहेरचा तोंडासाठी, आणि प्रत्येक शब्द दोन्ही तऱ्हांनी म्हणवून घेतात. तरी ज्यांचं इंग्रजी बोलणं अजून कच्चं आहे त्यांनी इथं जपून राहावं असं माझं मत आहे.

युक्त्या बाई अगदी शेवटी देतात, कारण आणि नातेवाईक दोन्ही हाती लागत नसतील तेव्हाच. सेपरेटच्या पोटात 'अ रॅट' बसलाय, उंदीर. 'नेसेसरी'त शर्टासारखी एक कॉलर आणि दोन स्लीव्हज, म्हणून सी एक, एस दोन. 'स्टेशनरी' कागदाची असेल तर एन्व्हलपचा ई. एवढ्यावर थांबतात. प्रत्येक शब्दाला युक्ती लावली तर त्या युक्त्याच पाठ करत बसावं लागेल, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. 'आय बिफोर ई' हा शाळेतला नियम त्या पूर्ण सांगतच नाहीत. प्रोटीन, कॅफीन, सीझ, विअर्ड, सगळे त्याला डावलून बसलेत. त्यातला अर्धाच भाग त्या घेतात. सी च्या पुढे 'ई' असा आवाज आला तर ई आधी, आय नंतर. रिसीव्ह, डिसीव्ह, सीलिंग, रिसीप्ट. एवढा भाग रोजच्या कामाला पुरतो.

मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेला धडा मात्र 'रेफर्ड'चा. डिस्चार्ज कार्डावर हा शब्द रोज लिहावा लागतो. रेफर्डमध्ये आर दोन, पण 'ऑफर्ड'मध्ये एक, का? रेफरमध्ये जोर शेवटच्या 'फर'वर, म्हणून शेवटचं अक्षर दुप्पट. ऑफरमध्ये जोर सुरुवातीला, म्हणून तसंच. 'रेफरन्स' म्हणताना जोर सुरुवातीकडे सरकतो, म्हणून तिथं आर एकच. अकर्ड, बिगिनिंग, प्रिफर्ड, व्हिजिटेड, सगळे याच एका कसोटीवर तपासता येतात. बाईंनी हा धडा टेबलावर टिचकी वाजवत घेतला, जिथं जोर तिथं टिचकी. कुणी नियम पाठ केला नाही आणि सगळ्यांना आला.

गृहपाठ थोडा असतो, पण वेगळा. एकदा तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन मोठ्या डिक्शनरीतून पाच शब्दांची मुळं काढून आणायला सांगितली. सयाजीरावांनी 1910 मध्ये सुरू केलेल्या या ग्रंथालयात बडोद्यातच वाढलेल्या आमच्यातल्या कितीतरी मुली पहिल्यांदा गेल्या. मोबाईलवर शोधलेलं चालतं का विचारलं तर बाई नाही म्हणाल्या. मोबाईल शब्द देतो, शेजारचे शब्द देत नाही, आणि नातेवाईक तर शेजारीच राहतात.

आता उणिवा. जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल. खाली बाजार असल्यानं संध्याकाळी हॉर्नचा आवाज येतो. श्रुतलेखन बाई स्वतः वाचून घेतात, त्यामुळे फक्त त्यांचाच उच्चार कानावर पडतो. परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन अशा तऱ्हा ऐकाव्या लागतात, त्याचा सराव बाहेरच करावा लागतो. कॉम्प्युटर नाही, सगळं हातानं, म्हणून कॉम्प्युटरवर परीक्षा देणाऱ्यांनी घरी टाइप करून बघावं. लिसनिंगच्या पहिल्या भागात बोलणारा कधी आपलं नाव एकेक अक्षर करून सांगतो. तिथं ए, ई आणि आय यांची गल्लत होते, आणि 'डबल' म्हटलं की घाईत अक्षर सुटतं. या सरावाला वर्गात फारच कमी वेळ मिळाला. मी सुचवलंय, बघू.

पाळी बदलली तर दुसऱ्या बॅचला बसू देतात, ही नोकरी करणाऱ्यांसाठी मोठी सोय. शिकवणं मराठी-गुजराती मिश्र असतं, जसं आपल्या दांडिया बाजारात बोलतात तसंच. फी दोन हजार, एकदम किंवा दोन हप्त्यांत, आणि ती सूनबाईंकडे द्यायची. पुस्तक विकत नाहीत, झेरॉक्स देत नाहीत. पूर्ण आयईएलटीएसची तयारी इथं होणार नाही, तसा त्यांचा दावाही नाही. ज्यांचं ऐकणं-वाचणं बरं आहे पण गुण लिहिण्यात गळतात, त्यांनी जरूर जावं. सहावी-सातवीच्या मुलांना घेता का असं माझ्या बहिणीनं विचारलं होतं, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत वेगळी बॅच असते म्हणाल्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण ऐकण्याच्या सरावासाठी राखलाय.

भेटायचं तर संध्याकाळी सहानंतर जा, दुपारी बाई झोपतात. फोनवर नाव नोंदवत नाहीत. आणि जाताना आपले चुकणारे शब्द कागदावर लिहून न्या, आपल्याला जसे येतात तसेच, डिक्शनरीत बघून दुरुस्त न करता.